विदिगेइराचे रांजण

मंडळी, २४ डिसेंबर १५२४ रोजी वास्को द गामा कोचीनला वारला. त्याच वर्षी आपल्या चौल बंदराला लागून तो गोव्याला गेला होता. पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, ते थेट आलेन्तेजू प्रांतातल्या विदिगेइरा या गावी. १५१९ मध्ये राजाने त्याला तिथली सरदारकी दिली होती. शेजारचं व्हिला द फ्रादिशही तिच्यात आलं. एकोणिसाव्या शतकात ते अवशेष लिस्बनला हलवले.

पण गामासाठी तिथे जाऊ नका. जा ते वाइनच्या मातीच्या रांजणांसाठी.

त्यांना ताल्या म्हणतात. मोठा ताल्या माणसाहून उंच असतो, हजार लिटरच्या वर त्यात मावतं. माती झिरपू नये म्हणून आतून पाइनच्या राळेचा लेप. त्यात चेचलेली द्राक्षं सालीबियांसकट आणि थोड्या देठांसकट भरतात. रस आंबायला लागला की वायूच्या जोराने साली वर येतात आणि तोंडाशी त्यांचा घट्ट थर बसतो. लाकडी दांड्याने तो थर दिवसातून दोनतीनदा खाली दाबावाच लागतो. विसरलात, तर आतल्या दाबाने रांजण फुटू शकतो! उष्मा वाढला की बाहेरून पाणी ओततात. सगळं निवलं की साली तळाशी बसतात. मग बुडाजवळचं भोक उघडायचं. वाइन त्या साली-देठांच्या थरातूनच गळत येते; आधी गढूळ, मग नितळ. दुसरी गाळणी लागत नाही. मला यातली ही युक्ती सगळ्यात देखणी वाटते.

ही रोमनांची रीत. व्हिला द फ्रादिशजवळ साँव कुकुफातेला चौथ्या शतकातल्या रोमन वाड्याच्या कमानी आजही उभ्या आहेत. पुढे तिथे मठ झाला. २०१० मध्ये या वाइनला अधिकृत दर्जा मिळाला. त्याचा नियम असा, की ११ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे संत मार्टिनच्या सणापर्यंत, ती सालींवरच राहिली पाहिजे.

सोबत असोर्दा खा. लसूण, मीठ आणि भरपूर कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची, वर ऑलिव्ह तेल आणि उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे, वर पाण्यात शिजवलेलं अंडं. आपल्याकडे ताकात भाकरी कुस्करतात, त्याच गरजेतून आलेलं हे अन्न. मोठ्या जमीनदारांच्या गव्हाच्या शेतांत राबणाऱ्या मजुरांच्या घरी पाव हाच पोटाचा आधार होता. कॉड मासा घातलेली असोर्दाही मिळते. तुम्ही साधीच मागा, कोथिंबिरीचा वास तिच्यातच कळतो.

एवढे मोठे रांजण घडवणारे कुंभार आता जवळजवळ उरले नाहीत, म्हणून जुनेच जपून वापरतात. राळेचा लेपही काही वर्षांनी नव्याने द्यावा लागतो आणि ते काम जाणणारे हात थोडे आहेत. तेव्हा गेलात तर नोव्हेंबरच्या मध्याला जा आणि आधी वाइनच्या एखाद्या तळघरात शिरा. किल्ल्याचे अवशेष दुपारी पाहता येतील.