पूमसेचा अर्थ अंगात उतरायला हवा

तायक्वांदोची बेल्ट परीक्षा दुपारी आहे. जिंतूर, सेलू, गंगाखेडहून पालक सकाळच्या एसटीनं लेकरांना घेऊन परभणीत आलेत. परीक्षेआधीचा हा थोडा वेळ मी पूमसेवर, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचालींच्या मालिकेवर, बोलायला मागून घेतला.

तोंडी परीक्षेत आठ पूमसेंचे अर्थ विचारले की मुलं घडाघडा सांगतात: इल जांग आकाश, ई जांग सरोवर, साम जांग अग्नी, सा जांग गडगडाट, ओ जांग वारा, युक जांग पाणी, छिल जांग पर्वत, पाल जांग पृथ्वी. उत्तर बरोबर, मार्क पक्के. मग मॅटवर उतरतात आणि जो पूमसे येईल तो एकाच चालीत, एकाच जोरात उरकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. हालचाल कशी करायची, ते या अर्थातच सांगितलेलं आहे.

कोरियाचा झेंडा आठवा. मधलं लाल-निळं वर्तुळ म्हणजे तेगुक. चार कोपऱ्यांत तीन-तीन रेघांच्या चार खुणा. अशा खुणा एकूण आठ, आणि एकेका खुणेवर एकेक पूमसे. अखंड रेघ बळाची, तुटलेली मृदुतेची. इल जांगच्या तिन्ही रेघा अखंड, पाल जांगच्या तिन्ही तुटलेल्या. अग्नीच्या खुणेत वरची-खालची रेघ अखंड आणि मधली तुटलेली. पाण्याचं नेमकं उलट: बाहेरून मऊ, आतून ठाम.

आता साम जांग बघा. डावीकडे वळून खालचा ब्लॉक, लगेच फ्रंट किक, पाय टेकतो न टेकतो तोच दोन पंच. मध्येच दम घेत थांबलात, तर आग विझली. युक जांगमध्ये मात्र मधोमध एक जागा आहे. पाय समांतर, दोन्ही मनगटं छातीसमोर एकमेकांवर येतात आणि हात सावकाश खाली, दोन्ही बाजूंना उघडतात. पुढं किहापसह (जोरदार आरोळीसह) राउंड किक असते, म्हणून मुलं इथं हमखास पळतात. खरं तर पाणी याच जागी दिसायला हवं. छिल जांगमध्येही पाय जुळवून, उजवी मूठ डाव्या तळव्यानं झाकून ती सावकाश वर आणायची असते. पर्वत म्हणजे कुठं थांबायचं ते कळणं.

पाल जांग पृथ्वीचा, आणि त्यातच उडी मारून किक आहे! उडीची उंची सगळेच बघतात; मी पाय जमिनीवर कसा येतो ते बघतो. पृथ्वी म्हणजे सामावून घेणारी, वाढवणारी. कापूस-सोयाबीनच्या रानात वाढलेल्या लेकरांना हे मी वेगळं काय शिकवणार?

पालकांनो, "सर, पुढचा बेल्ट कधी?" हे तुम्ही काळजीनंच विचारता. पण तायक्वांदोच्या संस्थापकांपैकी एक, जनरल चोई हाँग-ही यांनी रंगांचे जे अर्थ दिले, ते ऐका. पिवळा म्हणजे बी रुजते ती माती, हिरवा म्हणजे वाढ, निळा आकाशाचा. लाल म्हणजे धोका: समोरच्यानं जपावं आणि बेल्ट बांधणाऱ्यानं स्वतःला आवरावं. आवरणं दोन-चार महिन्यांत येत नाही. लेकराला वेळ द्या.

दुपारी किकची उंची मी सगळ्यांत शेवटी बघणार आहे. युक जांगवाल्यांनो, हात उघडताना घाई केलीत, तर तिथूनच परत करायला लावीन.