तक्ता नको, तुकडा हवा

नमस्कार मंडळी. विषय 'कोणत्या लाकडाला लेझरचं कोणतं सेटिंग' असा जाहीर झालाय आणि बरेच जण आकडे उतरवून घ्यायला वही काढून बसलेत. आकड्यांकडे येतोच. पण हे आकडे ज्या तक्त्यांमधून फिरतात, त्यांच्याबद्दल आधी बोलायलाच हवं.

तो तक्ता तुमच्या मोबाइलवर असेलच. 'साग : पॉवर ६०, स्पीड ३०००.' साठ टक्के कशाचे? पाच वॉटच्या डायोड लेझरचे, की साठ वॉटच्या लेझर ट्यूबचे? तीन हजार हे मिनिटाला मिलिमीटर असणार, पण दोन रेघांमधलं अंतर किती धरलंय? फोकस कुठे होता? यातलं काहीही न लिहिता नुसता आकडा पुढे ढकलला जातो, आणि नव्याने धंद्यात पडलेली मुलं त्यावर भरवसा ठेवून गिऱ्हाइकाचं लाकूड मशीनखाली घालतात. याचा मला खरंच त्रास होतो.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा सागाची नेमप्लेट घेऊन माझ्याकडे आला. बंगल्याचं नाव 'मातृछाया'. 'मातृ' पुसट तपकिरी उठलेलं, लांबून वाचताही येत नव्हतं. 'छाया' मात्र काळंकुट्ट. मशीन सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या ट्यूबवर चालणारं, आणि सेटिंग तक्त्यातलं. मशीन विकणाऱ्याने त्याला लेन्स बदलायला लावली होती, आरसे पुसायला लावले होते. पैसे गेले, फरक शून्य. मी ती फळी ओल्या फडक्याने मागून पुसली आणि उजेडात धरली. 'मातृ' गाभ्यावर आलं होतं आणि 'छाया' सालीकडच्या फिकट भागावर. जळल्याचा रंग दोन्हीकडे जवळपास सारखाच होता, पण खालचं लाकूड एकीकडे मुळातच तपकिरी, दुसरीकडे पिवळट. लागवडीच्या कोवळ्या सागात हा फिकट भाग भरपूर असतो. एकाच फळीत दोन लाकडं असतील, तर 'सागाचं सेटिंग' म्हणून कुठलं लिहिणार?

सीओटूचा विषय निघालाय तर हेही सांगतो, कारण आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नसतं. १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत हा लेझर शोधणारे कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. आपण रोज वापरतो त्या यंत्राचं मूळ इतकं जवळचं आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. त्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, लाकूड काळं असो वा गोरं, ती बहुतेक सगळी शोषून घेतं. स्वस्त मशीनमधला निळा डायोड साधारण ४५० नॅनोमीटरचा. फिकट लाकूड तो प्रकाश बराचसा परतवतं. म्हणून एकाचे आकडे दुसऱ्याला लावायचेच नाहीत.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा आता भराभर.

पॉवर आणि स्पीड एकत्र धरा. १० वॉट सेकंदाला ५० मिलिमीटरने आणि ५ वॉट २५ने, दोन्हीकडे दर मिलिमीटरला ०.२ ज्यूलच पडतात. तरी खूण वेगळी उठते. ज्योतीवरून बोट झटकन फिरवलं तर भाजत नाही, रेंगाळलं की भाजतं. तसंच हळू चालणाऱ्या किरणाची उष्णता आजूबाजूला पसरते आणि अक्षराला करपट कडा येते. बारीक अक्षराला वेग जास्त ठेवा आणि पॉवर त्या बेताने वाढवा.

शिवण, आंबा : फिकट लाकडं, इथे रंग हवा, खोली नको. आंब्यात काळपट पट्टे असतात, अक्षर त्यांच्यापासून दूर ठेवा. शिसव : उलटं. काळ्यावर काळं दिसत नाही, म्हणून खोली हवी. जोरात हवा सोडून दोन-तीन फेऱ्या मारा. पाइन : वर्तुळांमधला मऊ भाग खोल जातो, कडक रेघ वर राहते. हे पट्टे सेटिंगने पुरते जात नाहीत, ठसठशीत नक्षी निवडा. राळेचा पिवळा धूर बसू नये म्हणून वर मास्किंग टेप लावा. प्लाय : कापायचं असेल तर आयएस ३०३ या भारतीय मानकाचं एमआर, म्हणजे साधं ओल सोसणारं प्लाय घ्या, आयएस ७१०च्या मरीन प्लायमधला फिनॉलिक डिंक लेझरला दाद देत नाही.

आणि चाचणी, जिच्यासाठी हे सगळं बोललो. त्याच फळीच्या कापलेल्या टोकावर, आधी फोकस लावून, रेघांचं अंतर ०.१ मिलिमीटर कायम ठेवून, सेंटिमीटरभराचे चौकोन जाळा. आडवी पॉवर, उभा स्पीड. फळीत फिकट भाग असेल तर त्याचा वेगळा तुकडा जाळा. मागे पेन्सिलीने मशीन, लेन्स, महिना लिहा. महिना अशासाठी, की कोकणातल्या जुलैतली फळी आणि मार्चमधली फळी यांच्यातला ओलावा सारखा नसतो.

एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळीच्या, डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू निघतो, धूर पाइपने खोलीबाहेरच काढा. रेक्झिन मात्र कुणी कितीही पैसे दिले तरी मशीनखाली घालू नका. ते बहुधा पीव्हीसीचं असतं. त्यातून निघणारा आम्लाचा वायू आधी छातीत जातो आणि मग मशीनची रेल गंजवतो.