संख्या नव्हे, पकड

श्रोतेहो, नमस्कार. डेंग्यूची साथ आली की घरोघरी एकच चौकशी: प्लेटलेट किती? मग पपईच्या पानांचा रस सुरू होतो. माझं त्याबद्दलचं मत फारसं बरं नाही, पण तो विषय आज नको. प्लेटलेट म्हणजे जखमेवर एकमेकींना धरून रक्त थांबवणाऱ्या, रक्तातल्या चिमुकल्या पेशी. आज त्यांच्या संख्येबद्दल नाही, पकडीबद्दल बोलायचंय.

मी पॅथॉलॉजिस्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी सातारा भागातल्या एक आजी नातीला घेऊन आल्या. पोरीचा दुधाचा दात पडलेला आणि आदल्या दिवसापासून रक्त थांबत नव्हतं. हळद दाबून झाली, बर्फ झाला. तोंडात जुन्या साडीचा बोळा. आजींच्या पिशवीत दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट होता: प्लेटलेट 2 लाख 60 हजार. म्हणजे भरपूर! ‘‘समदं नॉर्मल हाय म्हणत्यात, मग रगत का थांबंना?’’ आजींचा प्रश्न बिनतोड होता.

मी पोरीच्या बोटाला टोचून थेंब सरळ काचेवर ओढला. अशा काचेवर निरोगी प्लेटलेट घोळक्यानं दिसतात. हिच्या सगळ्या सुट्या, एकेकट्या. मोजणाऱ्या यंत्राला हे कळत नाही. हल्ली रिपोर्टचा कागद चकचकीत झालाय, काच बघायला मात्र कुणाला सवड नाही. असो.

मग काचेच्या दोन नळ्या घेतल्या. एकीत पोरीचं रक्त, दुसरीत आमच्या टेक्निशियनचं. दोन्ही 37 अंशांच्या पाण्यात ठेवल्या. गुठळी दोन्हींत झाली. पुन्हा सांगतो, दोन्हींत झाली. पण टेक्निशियनची गुठळी हळूहळू आकसली, काचेपासून सुटली, भोवती पिवळसर पाणी सुटलं. पोरीची संध्याकाळपर्यंत तशीच, नळीभर फुगलेली.

या आजाराचं नाव ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमन यांनी 1918 मध्ये तो नोंदवला. कारण हाती लागलं ते 1970 च्या दशकात: प्लेटलेटच्या पृष्ठभागावर टू-बी थ्री-ए नावाचं प्रथिन असतं, एकेका प्लेटलेटवर सुमारे 80 हजार. जखम झाली की ते उघडतं आणि रक्तात विरघळलेलं, गुठळीला लागणारं फायब्रिनोजेन पकडतं. फायब्रिनोजेनच्या दोन टोकांना दोन प्लेटलेट, असं जाळं विणलं जातं. प्लेटलेटच्या आतले स्नायूसारखे तंतू याच प्रथिनाला धरून फायब्रिनचे, म्हणजे फायब्रिनोजेनपासून बनलेले, धागे खेचतात, तेव्हा गुठळी घट्ट होते. पोरीकडे हे प्रथिन जवळजवळ नव्हतंच. मांडव उभा, दोऱ्या बांधलेल्या, पण ताणायला कुणी नाही, अशी तिची गुठळी. संख्या भरपूर, पकड नाही.

तिच्या बापानं सख्ख्या मामाची मुलगी केली होती. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते. रीत आहे म्हणून हे चालू ठेवावं, असं मला अजिबात वाटत नाही.

पोरीला झालेली गुठळी विरघळू न देणाऱ्या औषधाच्या, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या, गुळण्यांनी उतार पडला. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन कायमचं वर्ज्य.

तुमच्या घरी स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल घेणारं कुणी असेल. ती गोळी प्लेटलेटवरच्या पी-टू-वाय-ट्वेल्व्ह या दुसऱ्या प्रथिनाला अडवते, तेही त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे साधारण आठवडाभर. इथेही संख्या तीच राहते, पकड सैल होते. तेव्हा दात काढायला जाताना डेंटिस्टला गोळीचं नाव सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती परस्पर बंद करू नका. नमस्कार.