दहा नारळांचे किती?

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्याला 'हुशार' किंवा 'ढ' म्हणताना आपण त्याला कुठे बसवून पाहिलं, हे विचारतच नाही. आज तेच विचारू या.

ब्राझीलमधलं रेसिफे शहर. तिथली मुलं रस्त्यावर फळं, नारळ विकायची. तेरेझिन्या काराहेर या संशोधक आणि त्यांचे सहकारी गिऱ्हाईक होऊन त्यांच्याकडे गेले. १२ वर्षांच्या एका पोराला विचारलं, नारळ कितीला? ३५ क्रुझेरो, म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन. दहा दे, किती झाले? पोरगं थबकलं. मग म्हणालं, "तीनाचे १०५. आणखी तीन, २१०. अजून चार राहिले... ३१५... ३५०." पस्तिसावर शून्य ठेवायचं त्याला सुचलंही नाही, तीन नारळांचा भाव मात्र जिभेवर होता. चार नारळांचे त्याने असेच १४० सांगितले, अगदी बरोबर.

पुढे त्याच पोरासमोर कागद आला. ३५ गुणिले ४. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर? २००! मूल तेच, गणित तेच. पुन्हा सांगतो, मूल तेच आणि गणितही तेच. नारळ समोर असते तर दोनशे हा आकडा त्याला तिथल्या तिथे खटकला असता. कागदावर खटकायला काही नव्हतं. अशी पाच मुलं तपासली. रस्त्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर, नुसत्या आकड्यांच्या गणितात ३७ टक्के. १९८५ साली हे छापून आलं.

   

असाच अनुभव पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातल्या क्पेले जमातीच्या शेतकऱ्यांचा. वीस वस्तूंचे गट करा म्हटलं, तर त्यांनी सुरीजवळ संत्रं ठेवलं, कारण सुरीने संत्रं कापतात. शहाणा माणूस असंच ठेवतो, म्हणाले. शेवटी संशोधकाने विचारलं, मग मूर्ख माणूस कसं ठेवील? लगेच चार नीटस ढीग लागले. खाण्याचं एकीकडे, अवजारं एकीकडे, भांडी वेगळी, कपडे वेगळे. पुस्तकात असतात तसे.