कोयनेचं पाणी आणि पाटणचं लाईट बिल

[दृश्य: पाटणमधल्या एका घरचं वीजबिल. कॅमेरा एकेका ओळीवरून खाली येतो.]

निवेदन:

स्थिर आकार. वीज आकार. वहन आकार. इंधन समायोजन आकार. वीज शुल्क, 16 टक्के. महावितरणचं घरगुती बिल राज्यात कुठंही उघडा, ओळी ह्याच. पाटणचा माणूस मात्र इंधनाच्या ओळीपाशी अडतो. इंधन कसलं? कोयना धरण इथून हाकेच्या अंतरावर. तिथं ना कोळसा जळत, ना गॅस. पाणी पडतं, चाक फिरतं, वीज होते. मग धरण आमच्या तालुक्यात आणि लाईट बिल पुण्या-नागपूरएवढंच, हे कसं?

पिठाच्या गिरणीत हा प्रश्न निघाला की उत्तर बहुधा "वरचे खातात" इथंच संपतं. खरं उत्तर जरा लांबचं आहे. ते घाट उतरून पार चिपळूणकडे जातं.

[दृश्य: शिवसागर जलाशय, नवज्याच्या बाजूनं. पावसाळी ढग.]

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे उतरते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. नदीचा हा स्वाभाविक उतार पूर्वेचा, आणि तसा सौम्यच. पण डोंगराच्या पलीकडे, पश्चिमेला, कोकण एकदम खाली आहे. अभियंत्यांनी हेरलं ते हेच. नदी अडवायची, डोंगराच्या पोटातून बोगदा काढायचा आणि पाणी पश्चिमेला पाडायचं.

103 मीटर उंचीचं धरण देशमुखवाडीजवळ उभं राहिलं. 1962 मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज निघू लागली. पुढं कोळकेवाडीला त्याच पाण्याला दुसऱ्यांदा अडवलं आणि अलोऱ्याजवळ पुन्हा जनित्रांवर सोडलं. मग आला चौथा टप्पा, एकट्याचे 1000 मेगावॉट. त्यासाठी 13 मार्च 1999 रोजी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं. त्याला लेक टॅपिंग म्हणतात. तोच प्रयोग 2012 मध्ये पुन्हा झाला. सगळे टप्पे धरून क्षमता 1900 मेगावॉटच्या वर जाते.

आता एक गंमत पाहा. पोफळी, अलोरे आणि चौथ्या टप्प्याचं वीजगृह, तिन्ही ठिकाणं रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात आहेत. धरण साताऱ्याचं, पाऊस साताऱ्याचा, बुडालेली जमीन साताऱ्याची. वीज मात्र घाटाखाली तयार होते. साताऱ्याच्या हद्दीत आहे ते धरणाच्या पायथ्याचं लहानसं वीजगृह, 40 मेगावॉटच्या आतबाहेरचं.

[दृश्य: पोफळीचं वीजगृह, नंतर रस्त्यावर धावणारा पाण्याचा टँकर.]

पाण्याचा हिशोब मांडूया. पोफळीला पाणी साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडतं. एवढ्या उंचीवरून एक हजार लिटर पाणी सोडलं की वीज मिळते एक युनिट, किंचित जास्तच. म्हणजे महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या घरासाठी सुमारे एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर. दुष्काळी माण-खटावच्या माणसाला हा आकडा कसा ऐकू येत असेल, ते सांगायला नको.

आणि हे पाणी परत येत नाही. वाशिष्ठीतून चिपळूणवरून थेट अरबी समुद्रात जातं. तेच पाणी पूर्वेला सोडलं, तर पायथ्याच्या वीजगृहात त्यातून फार थोडी वीज निघते, कारण पडायला उंचीच नाही. पण पुढं ते कराडला जातं, सांगलीला जातं, उसाला आणि नळाला जातं.

म्हणून तर मर्यादा घातली गेली. कृष्णा पाणीतंटा लवादानं, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, कोयनेतून वर्षाला 67.5 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडायला मुभा दिली. धरणाची साठवण 105 टीएमसी. जलवर्ष 1 जूनला सुरू होतं आणि 31 मेला संपतं, तोवर 67.5 पुरवून वापरायचं. सगळी जनित्रं एकदम पूर्ण ताकदीनं फिरवली, तर हे पाणी दोनेक महिन्यांतच संपेल. 1900 मेगावॉट ही कोयनेची ताकद. पण ती वर्षभर लावता येत नाही.

2023 मध्ये पाऊस कमी झाला, धरण पूर्ण भरलं नाही. विजेसाठी किती ठेवायचं आणि सांगलीच्या बाजूला किती सोडायचं, यावरून दोन्ही जिल्ह्यांत चांगलंच पेटलं. सांगलीला पाणी हवं असतं ते टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी. या योजना म्हणजे कोयनेचं उलटं रूप. इथं पाणी पाडून वीज मिळत नाही, वीज जाळून पाणी चढवावं लागतं. हजार लिटर पाणी 100 मीटर चढवायला साधारण एक तृतीयांश युनिट खर्च होतं, आणि आटपाडीपर्यंत पाणी टप्प्याटप्प्यानं चढतच राहतं. हे बिल शेतकऱ्याला झेपेना, म्हणून 81 टक्के शासन भरतं आणि 19 टक्के पाणीपट्टीतून वसूल होतं.

[दृश्य: संध्याकाळ. कराडचा बाजार, एकेक दिवा लागतो.]

मग कोयनेची वीज वापरतात कधी? दिवेलागणीला. दिवसा सौर वीज असते. सूर्य मावळतो तसे घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर एकदम सुरू होतात. कोळशाचं केंद्र थंड पडलेलं असेल, तर ते पेटवून भार घ्यायला कित्येक तास लागतात. पाण्याचं जनित्र काही मिनिटांत भार घेतं. वीज बाजारात टंचाईच्या वेळी दर युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. त्या तासाला कोयना चालते म्हणून तेवढी महाग वीज घ्यावी लागत नाही. आपल्या बिलात कोयनेचा फायदा आहे तो असा: न झालेल्या खर्चाचा. न झालेला खर्च कुठल्याच बिलावर छापत नाहीत, त्यामुळे तो कुणाला दिसतही नाही.

दर ठरतो तो वेगळ्याच रीतीनं. 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण वाहून नेते, महावितरण घरात देते. कोयनेची वीजगृहं जलसंपदा विभागानं बांधली आणि महानिर्मिती ती भाडेपट्ट्यानं चालवते. जुनी जनित्रं, इंधन फुकट, म्हणून वीज स्वस्तच. पण महावितरण कोळशाची, सौर, पवन, पाण्याची सगळी वीज एकाच हौदात घेतं आणि सरासरी काढतं. राज्याची मागणी 25 हजार मेगावॉटच्या पुढे जाते. त्यात कोयनेचं पाणी मिसळलं की त्याचा गोडवा कळेनासा होतो. कोळसा महागला की इंधन समायोजन आकार वाढतो, आणि तो पाटणलाही लागतो.

सरासरीच्या वर मग टप्पे. पहिल्या 100 युनिटांचा दर एक. 101व्या युनिटापासून तो जवळजवळ दुप्पट. उन्हाळ्यात फ्रिज-कूलरवाल्या घराचं बिल फुगतं ते इथं. धरण जवळ असण्या-नसण्याशी त्याचा काही संबंध नाही.

"साताऱ्याला कोयनेची वीज स्वस्त द्या" ही मागणी कानाला बरी वाटते. मला ती पटत नाही. मग चंद्रपूरनं काय मागावं? 2920 मेगावॉटच्या केंद्राची राख तिथले लोक खातात, दिवे आपल्याकडे लागतात. शिवाय ज्या वर्षी धरण भरणार नाही, त्या वर्षी साताऱ्यानं अंधारात बसायचं का?

एका गटाची गोष्ट मात्र निराळी. शिवसागराखाली, म्हणजे कोयनेच्या जलाशयाखाली, ज्यांची घरं आणि भातखाचरं गेली, त्यांना रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली असं कुठं कुठं पाठवलं गेलं. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न तिसऱ्या पिढीपर्यंत आले. धरणग्रस्तांसाठी लढणाऱ्या श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली ती माणसं कोयनानगरला ठिय्या देऊन बसली, तेव्हा धरणाला साठीकडे झुकायला आलं होतं. स्वस्त विजेवर जिल्ह्याचा हक्क आहे की नाही, यावर वाद घालता येईल. यांच्या देण्यावर वाद नाही, ते थकलेलं आहे.

[दृश्य: चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या, एका घराच्या छतावरचे सौर पॅनल.]

धोम, कण्हेर, शिराळ्याकडचं वारणा ही धरणंही वीज देतात. पण 2, 4 आणि 16 मेगावॉट. पठारावरच्या पवनचक्क्या वाऱ्याच्या मर्जीवर. घरगुती बिलाला हात घालणारी गोष्ट सध्या छतावर आहे. 2024 पासून केंद्राच्या योजनेत 3 किलोवॉटच्या सौर संचाला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं.

पण छतावरची वीज दिवसाची. संध्याकाळ कोयनेचीच. म्हणून आता सह्याद्रीत, साताऱ्यातही, उदंचन प्रकल्पांचे प्रस्ताव आहेत: दिवसाच्या सौर विजेनं पाणी वरच्या तलावात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघरला असा 250 मेगावॉटचा प्रकल्प चालतो. यात चार युनिटं खर्च केली, तर हाती साधारण तीन परत येतात. चौथ्या युनिटाचे पैसे ग्राहकावर किती आणि कसे बसतील, ते राज्य वीज नियामक आयोगापुढच्या दरयाचिकेत ठरतं. तिथं कोणाही ग्राहकाला हरकत घेता येते. पाटणच्या ग्राहकालाही. अर्ज मराठीत चालतो.