बशीतलं भ्रूण आणि बीजवाहिनीच्या पेशी

(दृश्य : मायक्रोस्कोपखाली मेंढीचं भ्रूण)

आठ पेशी. फार तर सोळा. मेंढीचं भ्रूण काचेच्या बशीत इथवर यायचं आणि अडायचं. गाईचंही तेच. उंदराचं तर दोन पेशींवरच.

अडण्याची ही जागा योगायोगाची नव्हती. तोवर भ्रूण आईने बीजांडात बांधून दिलेल्या शिदोरीवर जगतं. इथे त्याला स्वतःची जनुकं कामाला लावावी लागतात. आईच्या पोटात असतं, तर त्या वेळी ते बीजवाहिनीत, म्हणजे बीजांड गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळीत, किंवा तिच्या गर्भाशयाकडच्या तोंडाशी असतं.

म्हणून पूर्वी संशोधक गाईची भ्रूणं काही दिवस मेंढीच्या बांधलेल्या बीजवाहिनीत ठेवायचे. जिवंत मेंढी हाच इन्क्युबेटर! जमायचं, पण मेंढीच्या जिवावर.

१९८७. केंब्रिजमध्ये गँडोल्फी आणि मूर यांनी बशीच्या तळाशी बीजवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवल्या आणि त्यांवर मेंढीची भ्रूणं ठेवली. शेजारच्या बशीत साध्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे शरीरभर आढळणाऱ्या जोडऊतींच्या पेशी. तीन दिवस फरक दिसेना. सहाव्या दिवशी मात्र बीजवाहिनीच्या पेशींवरची कितीतरी जास्त भ्रूणं ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे रुजण्याआधीच्या पोकळ चेंडूसारख्या अवस्थेपर्यंत पोचली होती.

(दृश्य : कत्तलखान्यातून आलेल्या बीजवाहिन्या, प्रयोगशाळेतलं टेबल)

या पेशी देतात तरी काय? खास प्रथिनं, वाढीचे घटक. पण उंदराच्या यकृताच्या आणि माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशीही कामी येतात असं दिसलं, तेव्हा प्रश्न उलटा झाला : या पेशी बशीतून काढून काय घेतात? हवेत ऑक्सिजन २० टक्के. बीजवाहिनीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. पेशी तो जादा ऑक्सिजन वापरून टाकतात, वाढीव ग्लुकोजही. आमच्या मते, त्यांच्या मदतीचा बराचसा भाग ही साफसफाईच होती. कारण कमी ऑक्सिजन आणि सुधारलेली द्रावणं आली, तशी पेशींवाचूनही भ्रूणं वाढू लागली.

प्रयोगशाळांना ते सोयीचंच होतं. पेशींचा प्रत्येक घाणा वेगळा, संसर्गाची धास्ती. शिवाय रक्तजल आणि पेशी घातलेल्या बशीतून आलेली काही कोकरं, वासरं जन्मतःच अवाजवी मोठी निघत.

तरी विषय मिटला नाही. सपाट बशीत या पेशी चपट्या होतात, त्यांच्यावरचे हलते, सूक्ष्म केस (सिलिया) गळतात. म्हणजे त्या बीजवाहिनीच्या उरतच नाहीत. नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या संशोधकांनी त्यांना छोट्या चिपमध्ये, वाहत्या द्रवात उभं वाढवलं. २०१८ साली त्यांनी दाखवलं, की तिथे फलित झालेल्या गाईच्या एकपेशी भ्रूणांमधली जनुकांची हालचाल नेहमीच्या बशीतल्यांपेक्षा गाईच्या पोटातल्या भ्रूणांशी अधिक जुळते.