दंडारीपासून ऑपेरापर्यंत, आवाजाच्या मागे

श्रोतेहो, नमस्कार.

भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावजत्रा, भरायला लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत हलकं धान घरी आलेलं असतं, भारी धानाची कापणी चाललेली असते, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. दिवसा मंडई, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. आज बोलायचं आहे ते या हंगामातल्या कला पाहायच्या कशा, याबद्दल. खरं तर ऐकायच्या कशा, याबद्दल. कारण दंडार असो, खडीगंमत असो, रात्रभराचं नाटक असो की युरोपातला ऑपेरा असो, प्रत्येकाला एकच कोडं सोडवावं लागतं: शेवटी बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोहोचवायचा कसा? हे कोडं कुणी कसं सोडवलं ते कळलं की त्या कलेचं अर्धं अंग कळतं.

सुरुवात दंडारीपासून करा. तिला तिकीट नाही, कनात नाही. गावातलीच माणसं नाचतात, गातात, सोंगं घेतात. स्त्रियांची कामंही पुरुषच करतात. खडी दंडार, बैठी दंडार आणि कथानक असलेली परसंगी दंडार, असे तिचे प्रकार. प्रेक्षक चहूबाजूंनी असतात, म्हणून कुणी एका दिशेला तोंड करून बोलत नाही. एक ओळ म्हणून झाली की साथीदार ती उचलतात आणि फिरून म्हणतात. ही पुनरुक्ती नुसती सजावट नाही. ज्याच्याकडे गाणाऱ्याची पाठ होती त्याला ओळ दुसऱ्या खेपेला ऐकू येते. हे लक्षात ठेवून दंडार पाहा, आणि एका जागी बसू नका. एक फेरा पूर्ण चाला.

खडीगंमत यापेक्षा धारदार. उभं राहून सादर करायची म्हणून खडी. बॅनरवर ‘दुय्यम खडीगंमत’ असं लिहिलेलं दिसलं तर समजा, दोन पार्ट्या समोरासमोर आहेत. एक तुऱ्याची, एक कलगीची. तुरा म्हणजे शिव, पुरुषाची बाजू. कलगी म्हणजे शक्ती, प्रकृतीची बाजू. एक शाहीर कोडं घालतो, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचं. पहिल्या तासात उठू नका. गण, गवळण होईपर्यंत शाहीर गळा आणि गर्दी दोन्ही तापवत असतो. खरी झुंज नंतर लागते.

तापवण्यावरून डफाचं सांगतो. रात्री दव पडायला लागलं की कातडं ओल धरतं, सैल होतं आणि डफ बद्द वाजतो. मग डफवाला बाजूला जातो, तणस, म्हणजे धानाचं वाळलेलं काड, पेटवतो आणि डफ जाळापासून हातभर वर धरून गोल फिरवतो. मधूनमधून बोटाने टिचकी मारून कान लावतो. आवाज कोरडा, टणत्कारी आला की तसाच धावत परत. डफ एका जागी जास्त वेळ धरला तर कातडं तिथे करपतं आणि फाटतं, म्हणून हात थांबत नाही. ढोलकीच्या गजरातही शाहिराचा शब्द कळतो तो वरच्या पट्टीमुळे. मागून साथ देणारे झीलकरी त्याहून वर सूर धरतात. खालच्या पट्टीत गायलं तर ढोलकी शब्द गिळते.

आता नाटक. झाडीपट्टीच्या नाटकाचं ठाणं म्हणजे वडसा, त्यालाच देसाईगंज म्हणतात. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं स्टेशन. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. गावोगावची मंडळं इथे येऊन नाटक ठरवतात. हंगामात कलाकार आज या गावी, उद्या त्या गावी, अशा रात्रींवर रात्री काढतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तो मान शेतात उभ्या केलेल्या स्टेजचाही होता, असं मी मानतो.

पोस्टर वाचायला शिका. ‘तीन अंकी’ लिहिलं असेल तर पहाट होणार. ‘रात्री ठीक साडेनऊ’ म्हणजे पडदा साधारण दहाच्या पुढे. कलाकारांच्या फोटोंपेक्षा लेखक, दिग्दर्शक आणि संगीत या तीन ओळी आधी पाहा. ज्या पोस्टरवर लावणी-नृत्याची जाहिरात नाटकाच्या नावापेक्षा मोठी आहे, तिथे कथा पातळ निघण्याची शक्यता जास्त. नाचाला माझा विरोध नाही. पण प्रवेश ऐन रंगात आला असताना मध्येच नाच घुसवला की नटाने दोन तास बांधलेलं सगळं सांडतं, आणि ते पुन्हा भरायला त्याला अर्धा तास लागतो.

बसायचं कुठे? पुढच्या खुर्च्या मानाच्या असतात, पण तिथून वादकांची पाठ आणि नटाची हनुवटीच जास्त दिसते. स्टेजच्या रुंदीइतकंच अंतर मागे, मधोमध, ही उत्तम जागा. स्पीकरच्या खोक्यासमोर बसू नका, लहान पोरांना तर अजिबात नको. खाली बसणार असाल तर तणसावर बोरा, म्हणजे पोतं, आणि त्यावर सतरंजी घाला. नुसत्या सतरंजीतून बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, ओल दोन तासांत वर येते. कानटोपी घाला, पण कान मोकळे ठेवा.

वादक स्टेजपुढे, खालच्या अंगाला बसतात. पेटी किंवा ऑर्गन, तबला, आणि आता ऑक्टोपॅड, कीबोर्ड. मध्यरात्रीनंतर तबलजीवर नजर ठेवा. पेटीचे सूर पितळी पत्त्यांचे. गारठ्याने ते फारसे हलत नाहीत. तबला मात्र चामड्याचा, दवाने उतरतो. मग प्रवेशाच्या मधल्या सवडीत हातोडीने कडेचे लाकडी गट्टे खाली ठोकून चामड्याच्या वादीचा ताण वाढवतात आणि तबला परत पेटीच्या सुराला आणतात. जिथे हे होत नाही तिथे तिसऱ्या अंकातली पदं कानाला खटकतात, आणि लोक म्हणतात गाणाऱ्याचा गळा बसला. गळ्याचा दोष नसतो.

वरून लोंबणारे माईक नीट पाहा. नटाला जोराचं वाक्य टाकायचं असलं की तो दोन पावलं पुढे येतो, माईकखाली उभा राहतो, मग बोलतो. शहरातून आलेला माणूस म्हणतो, हा अभिनय कृत्रिम. पण त्या पावलांचं कारण तो वर टांगलेला माईक आहे. अनुभवी नट ते पाऊल रागाचं किंवा दुःखाचंच करून टाकतो. नवखा चालतो, थांबतो, वर बघतो आणि बोलतो. चांगला नट ओळखायची ही माझी पहिली खूण.

हे ऐकणाऱ्यांत नाटक घेणारी मंडळंही असतील, त्यांच्यासाठी थोडं तपशिलात सांगतो. स्टेजचं तोंड तीस फूट, खोली वीस फूट आणि उंची तीन फूट धरा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक उत्तरेकडून येतो, म्हणून स्टेजची पाठ उत्तरेला ठेवा. वारा आवाज प्रेक्षकांकडे नेतो. मागचा रंगवलेला पडदा शिडासारखा फुगतो, त्याच्या खालच्या कडेला बांबू ओवून तो खांबांना बांधा. जनरेटर कनातीबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, किमान दीडशे फुटांवर असू द्या.

माईक कुई करतो तो का? स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो म्हणून. स्पीकरची खोकी माईकच्या ओळीच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे करून ठेवा. सगळे माईक सतत उघडे ठेवू नका. जितके उघडे, तितकी कुई लवकर. ज्या बाजूला प्रवेश चालू तेवढेच वर, बाकीचे खाली. त्यासाठी मशीनवर बसणाऱ्याला नाटक माहीत हवं, निदान पहिला अंक त्याच्या समोर वाचलेला हवा. आणि मागच्या लोकांसाठी दूर भोंगा टांगायचा मोह टाळा. आवाजाला शंभर फूट जायला सेकंदाचा साधारण अकरावा भाग लागतो. भोंगा दोनशे फुटांवर असेल, तर मागच्या माणसाला आधी भोंग्याचा शब्द आणि मग स्टेजवरचा, असं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. मग तो म्हणतो, आवाज वाढवा. आवाज वाढवून हा गोंधळ मिटत नाही, उलट वाढतो. मैदान लांबट न करता रुंद करा.

इसार देताना करार कागदावर असू द्या: नाटकाचं नाव, मुख्य कलाकार, स्टेज-प्रकाश-आवाज कुणाकडे, जेवण-मुक्काम कुणाकडे, आणि अवकाळी पाऊस आला तर कुणी किती सोसायचं. हे शेवटचं कलम बहुतेक कागदांत नसतं, आणि भांडण नेमकं त्यावरच होतं. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि पोलीस ठाण्याचा परवाना वेळेत मागा. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते, म्हणून वेळेची गोष्ट ठाण्यात आधीच स्पष्ट बोलून घ्या. विजेसाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या, तारेवर आकडा टाकू नका. दवाने भिजलेल्या बांबूवरून गेलेली सोललेली वायर जीव घेते.

एवढं पाहून झालं की एकदा दुसऱ्या टोकाला जा. राज्य नाट्यस्पर्धेची केंद्रं नागपूर, अमरावती, चंद्रपूर इथे असतात. तिथे प्रायोगिक नाटकं बंद सभागृहात होतात. आपल्या कानाला पहिली वीस मिनिटं सगळं हळू वाटतं. थांबा, कान जुळतो. नट कुजबुजला तरी ऐकू येतं, आणि तो पुढे न येता पाठमोरा उभा राहूनही बोलू शकतो.

आणि ऑपेरा. सोळाव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये तो जन्मला. आपल्याकडे मराठीत १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ हे संगीत नाटक आलं. त्यात आणि आपल्या नाटकात गद्य संवाद आणि मध्ये पदं. ऑपेरात बहुतेक संवादच गायचे. मुंबईत चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, तिथलं सभागृह एकदा पाहावं. भाषा येत नाही म्हणून घाबरू नका; कथा आधी वाचून जा, बरेच ठिकाणी वर भाषांतराची पाटीही असते. ऐकायचं ते एवढंच: पन्नास-साठ वाद्यं वाजत असतात आणि गाणारा माईकशिवाय त्यावरून ऐकू येतो. त्याने गळा असा घडवलेला असतो की आवाजाचा जोर सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपास गोळा होतो, आणि त्या पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर तुलनेनं कमी असतो. आपला झीलकरी ढोलकीवरून वर चढतो तो असाच मोकळी जागा शोधत.

या हंगामात नाटक संपल्यावर लगेच घराकडे निघू नका. पहाटे कनात सुटायला लागते, पेटारे भरले जातात, तेव्हा प्रॉम्प्टरजवळ, म्हणजे नटांना आडून संवाद सुचवणाऱ्याजवळ, जा. त्याची वही मागा, आणि कुठल्या ओळीवर काट मारली, कुठे गाणं वाढवलं, ते त्यालाच विचारा. गाडी भरून होईपर्यंत वीस मिनिटं असतात.

नमस्कार.